गुरुलिंगच्या हाताचा गुण

सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत राजेसाबचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे, उद्घाटनाचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे असे सगळे फ्लेक्स तिथं छापून मिळतात, पण दुकान चालतं ते श्रद्धांजलीवर. गुरुलिंग हत्तुरे या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. लग्नाच्या आधीपासून बसतो. आता कानाजवळचे केस पांढरे झाले.

वाढदिवसवालं गिऱ्हाईक फोटोंचा ढीग घेऊन येतं. गॉगलवाला घेऊ का गाडीला टेकलेला, यावर तासभर खल चालतो. मेलेल्या माणसाच्या घरचे मात्र घाईत असतात. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मोबाईल पुढं करून ते एवढंच म्हणतात, "एवढाच हाय बघा."

तो 'एवढाच' फोटो बहुधा आधार कार्डावरचा असायचा. तो मोठा केला की बिचारा माणूस चोरी करताना सापडल्यासारखा दिसायचा. नाहीतर कुठल्यातरी लग्नातला घोळका असायचा, त्यात तिसऱ्या रांगेत म्हातारी, तिच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात. गुरुलिंग तो हात पुसायचा, एका खांद्यावरून दुसरा खांदा तयार करायचा, फाटलेल्या चेहऱ्याची डागडुजी करायचा. आयुष्यभर उन्हातान्हात राबलेल्या बाईचं शेवटी चौकात जे लागायचं, त्यात अर्धी ती असायची आणि अर्धी गुरुलिंगच्या कॉम्प्युटरची.

त्याच्या वडिलांचंही असंच झालं होतं. मतदान कार्डावरचा फोटो होता, त्याला दुकानातल्याच कुणीतरी कोट चढवला. वडिलांनी जन्मात कोट घातला नव्हता. दुधनीजवळच्या निंबेहळ्ळीतल्या घरी तो फोटो भिंतीला लावला, तेव्हा त्याची आई शिवम्मा तो बघून म्हणाली, "ह्यो कुठला सायेब आणलास रं?"

ते वाक्य गुरुलिंगच्या मनात रुतून बसलं. जिवंतपणीच एकेकाचा धड फोटो का काढून ठेवू नये, हा विचार त्यातूनच आला.

आधी त्यानं ओळखीच्या एका लग्नफोटोग्राफरचा मोठा कॅमेरा मागून आणला होता. पण तो बघितला की म्हातारी माणसं तहसीलदारापुढं उभं केल्यासारखी ताठ व्हायची. मोबाईलचं तसं नव्हतं. तो घरोघरी होता, नातवंडांच्या हातात होता, त्याचं कुणाला भय नव्हतं. म्हणून गुरुलिंगनं चांगल्या कॅमेऱ्याचा एक फोन घेतला आणि त्याच्यामागं लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीत बायकोला, महानंदाला, उभं करून त्यानं इतके फोटो काढले की शेवटी ती म्हणाली, आता एक तर भाकरी करपेल नाहीतर मी.

हळूहळू त्याच्या लक्षात आलं की फोन फार जवळ नेला की नाक मोठं येतं. दोन पावलं मागं सरून झूमनं थोडं ओढून घेतलं तर चेहरा चेहऱ्यासारखा येतो. चेहरा आपोआप गोरा आणि गुळगुळीत करण्याची सोय त्यानं कायमची बंद करून टाकली. मागचं पुसट करण्याची सोय कानातली बुगडीही पुसट करते, म्हणून तीही सोडली. उन्हात पांढरा पटका फोटोत नुसता पांढरा डाग होऊ नये म्हणून पडद्यावर बोट ठेवून उजेड कमी करायला तो शिकला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला उंबऱ्याची जागा सापडली. माणसाला उंबऱ्याच्या आत, दाराकडं तोंड करून बसवायचं. मागं घरातला अंधार, पुढून अंगणातला मऊ उजेड. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांतही त्या उजेडाचा एक ठिपका उतरायचा आणि डोळा जिवंत व्हायचा.

पहिला फोटो त्यानं गावाकडच्या घराशेजारच्या राजाबाईचा काढला. ती शिवम्माची मैत्रीण, ऐंशीच्या पुढची. तिनं इरकल नेसलं, केसाला तेल लावलं आणि उंबऱ्यात येऊन बसली ती थेट दगडासारखी. गुरुलिंगनं फोन खाली ठेवला आणि तिला तिच्या जुन्या म्हशीची गोष्ट विचारली. ती म्हैस एकदा बाजारातून सुटून एकटीच घरी आली होती. राजाबाई सांगायला लागली, सांगताना हसायला लागली, आणि गुरुलिंगनं फोटो काढला. कागदावर छापून, चौकट करून तो तिला दिला, तेव्हा तिनं तो मांडीवर घेतला आणि पदराच्या टोकानं काच पुसत राहिली.

मग दर रविवारी गुरुलिंग सोलापूरहून एसटीनं निंबेहळ्ळीला जायला लागला. एक रविवार, एक घर. कधी कन्नडमध्ये बोलायचं, कधी मराठीत, चहा प्यायचा, गुडघ्याच्या दुखण्याची चौकशी करायची, आणि माणूस फोन विसरला की फोटो काढायचा. लोक त्याची वाट बघायला लागले. फ्लेक्सच्या दुकानात बसून दुसऱ्यांचे चेहरे जोडणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी नावानं हाका मारत होतं. त्या वर्षभरात तो जितका आनंदात होता तितका आधी कधी नव्हता, असं महानंदा सांगते.

राजाबाई गेली ती झोपेतच गेली. तिच्या दहाव्याला गावच्या एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला, तो गुरुलिंगच्याच फोटोचा. हसणारी राजाबाई. लोक थांबून बघायचे आणि म्हणायचे, अगदी आता बोलेल असं वाटतंय. तिच्या मुलानं गुरुलिंगचा हात हातात धरून ठेवला. त्यानंतर आणखी दोघं गेली, दोघंही पिकली पानं. त्यांचेही फ्लेक्स थांब्यावर लागले. तोच उंबऱ्यातला उजेड, तोच मागचा अंधार. एकाशेजारी एक फोटो बघितले की ते एकाच हातचे आहेत हे कुणालाही कळत होतं.

आणि मग कुंडलिक गेला.

कुंडलिक मेंढरांमागं हिंडलेला माणूस, काठीसारखा सरळ, लाल पटका आणि पीळदार मिशा. सत्तरी झाली तरी पायी दुधनीच्या बाजाराला जायचा. त्याचा फोटो गुरुलिंगनं आजवर काढलेल्यांत सगळ्यात देखणा आला होता. फोटो घरी पोचला त्याच आठवड्यात तो पुतण्याच्या मोटारसायकलवर मागं बसून अक्कलकोटला निघाला, आणि वळणावर टेम्पोनं उडवलं. पुतण्याला खरचटलं, कुंडलिक जागीच गेला.

थांब्यावर फ्लेक्स लागला. मिशीला पीळ दिलेला कुंडलिक येणाऱ्याजाणाऱ्याकडं रोखून बघत होता. त्याच्या खाली उभं राहून कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं की हा पण गुरुलिंगनंच काढलाय. कोण म्हणालं ते कधी कळलं नाही. अशा वाक्यांना धनी नसतो.

पुढच्या रविवारी ठरलेल्या घरी गुरुलिंग गेला, तेव्हा ओट्यावर बसलेले म्हातारेबुवा त्याला लांबून बघून उठले आणि आत गेले. सून दारात आली आणि म्हणाली, मामा झोपलेत. गुरुलिंगनं ते खरं धरलं. दुसऱ्या घरी म्हातारीनं त्याला बघताच पदर तोंडावर ओढला आणि पलीकडं वळून बसली. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. चहाच्या टपरीवर एकजण हसत म्हणाला, बाबा रे, तो फोन खिशातच ठेव, आमच्याकडं रोखू नको. सगळे हसले. गुरुलिंगही हसला, पण चहा तसाच ठेवून उठला.

'गुरुलिंगच्या हाताचा गुण बरा न्हाय' हे मग त्याला आडून नव्हे, समोरूनच ऐकू यायला लागलं. ज्यांच्या घरी त्यानं दिलेल्या चौकटी होत्या, त्यांतल्या काहींनी त्या कपाटात उलट्या करून ठेवल्या. एका घरच्यांनी तर चौकट शिवम्माच्या ओट्यावर आणून ठेवली आणि न बोलता निघून गेले. त्या चौकटीतला म्हातारा पुढं ठणठणीत राहिला, पण ते कुणाच्या हिशेबात आलं नाही. गेलेले चौघं थांब्यावर टांगलेले होते. राहिलेले आपापल्या घरात होते.

राजेसाबला हे सगळं कळलं तेव्हा त्यानं मशीन बंद केली आणि गुरुलिंगला समोर बसवलं. राजेसाब साठीचा, जुन्या मिलमधून बाहेर पडून या धंद्यात आलेला. तो म्हणाला, "अरे गुरु, तू म्हाताऱ्यांचेच फोटो काढतोस. म्हातारे मरणारच की. कॉलेजच्या पोरांचे काढ, एक मरणार नाही. मग लोक म्हणतील, गुरुलिंगनं फोटो काढला की नोकरी लागते."

गुरुलिंगला ते पटलं. पटायलाच पाहिजे होतं. त्यात न पटण्यासारखं काय होतं? पण रविवार आला की तो काहीतरी कारण काढून घरीच थांबायला लागला.

असे काही महिने गेले. एके दिवशी दुपारी एक माणूस दुकानात आला. तिशीतला, अंगानं वाळलेला, शर्टाचं एक बटण तुटलेलं. नाव शिवराज, निंबेहळ्ळीच्या पलीकडच्या वाडीचा. वडिलांचा फोटो काढायचा आहे, घरी याल का, असं त्यानं विचारलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी आपण होऊन आलं म्हणून गुरुलिंग एकदम खुलला. वडिलांना पटका आहे का, दार कुठल्या दिशेला आहे, सकाळी ऊन कुठं असतं, असं विचारत सुटला. शिवराज खाली मान घालून ऐकत होता.

"फोटो कसाबी येऊ द्या," तो मधेच म्हणाला. "फोटोचं काय न्हाय."

"मग कशाचं?"

"तुमी फोटो काढला की माणूस सुटतंय म्हणत्यात."

गुरुलिंगला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं शिवराजला दुकानाबाहेर जायला सांगितलं. शिवराज बाहेर गेला खरा, पण समोरच्या पायरीवर बसून राहिला. दुकानात गिऱ्हाईकं आली, गेली. तो हलला नाही. शेवटी राजेसाबनंच त्याला चहा नेऊन दिला, आणि गुरुलिंगला नाइलाजानं त्याच्याजवळ जाऊन बसावं लागलं.

शिवराजच्या वडिलांचं नाव धर्मण्णा. तीन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि एक बाजू लुळी पडली. तेव्हापासून ते अंथरुणावर. शिवराज एकुलता एक. दवाखाने झाले, औषधं झाली. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या भरत नव्हत्या. दिवसातून कितीदा तरी कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं. शेत दुसऱ्याला करायला दिलं. बायको वर्षभर झटली आणि मग तिचीच पाठ गेली म्हणून माहेरी गेली. हे सगळं त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पीकपाणी सांगावं तसं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाला, "पाप लागलं तर मला लागंल, तुमाला न्हाय. मी देवाला सांगून आलोय."

गुरुलिंगनं त्याला नकार दिला. असलं काही नसतं, हे लोकांचं खूळ आहे, असं समजावलं. पण घरी गेल्यावर ताट बाजूला सारलं. त्यानं महानंदाला सांगितलं. तिनं हात जोडले आणि म्हणाली, तुम्ही मुळीच जायचं नाही. म्हातारा गेला तर तुमच्या नावावर, आणि राहिला तर त्या पोराच्या जिवाला घोर.

तरी तो गेला. का गेला, हे पुढं स्वतःला कितीदा विचारूनही त्याला नीट सांगता आलं नाही. आपण शिवराजला सरकारी दवाखान्यातल्या एका ओळखीच्या नर्सबाईंचा नंबर द्यायला जातोय, असं तो वाटेत स्वतःला सांगत होता. फोन खिशात होता, पण फोन तर नेहमीच खिशात असतो.

घर एका खोलीचं होतं आणि त्यात डेटॉलचा वास भरून राहिला होता. पण अंथरूण पांढरंशुभ्र होतं. धर्मण्णांची दाढी त्याच सकाळी केलेली, कपाळावर भस्माचे पट्टे सरळ ओढलेले, नखं कापलेली. ज्या मुलानं वडिलांच्या मरणाचं मागणं मागितलं होतं त्यानंच हे सगळं केलेलं होतं. गुरुलिंगनं नर्सबाईंचा नंबर दिला. शिवराजनं तो घेतला आणि सांगितलं की त्याच बाई मागं दोनदा येऊन गेल्यात.

धर्मण्णांची नजर गुरुलिंगवर होती. बोलणं तुटकं होतं, तोंडाची एक बाजू उतरलेली. त्यांनी चांगला हात उचलून गुरुलिंगचं मनगट धरलं.

"तगी, तम्मा," ते कन्नडमध्ये म्हणाले. काढ, भावा.

फोटो काढ म्हणत होते, की मुलानं त्यांना काही सांगितलं होतं आणि ते दुसरंच काही मागत होते, हे गुरुलिंगला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. शिवराज दाराबाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला होता.

गुरुलिंगनं कॉट थोडी खिडकीकडं वळवली. चांगली बाजू उजेडात येईल आणि उतरलेली बाजू सावलीत राहील, असं डोकं उशीवर ठेवलं. फोनची काच शर्टाच्या टोकानं पुसली. त्यानं किती फोटो काढले ते त्याला आठवत नाही. एक दाखवला तेव्हा धर्मण्णांनी तो बराच वेळ बघितला. त्यात ते आजारी दिसत नव्हते. दुपारी जरा पडलेल्या माणसासारखे दिसत होते. त्यांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं.

त्याच आठवड्यात धर्मण्णा गेले.

शिवराज तिसऱ्या दिवशी दुकानात आला. दुकानात चारपाच गिऱ्हाईकं होती. तो सरळ आत आला, वाकला आणि त्यानं गुरुलिंगच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुमच्या हातानं सुटले," तो म्हणाला आणि मोठ्यानं रडायला लागला. गुरुलिंगनं पाय मागं ओढले, तर खुर्चीच भिंतीवर आपटली. गिऱ्हाईकं एकमेकांकडं बघायला लागली. राजेसाबनं शिवराजला खांद्याला धरून उठवलं, बाहेर नेलं, पाणी पाजलं. मग फ्लेक्सची ऑर्डर घेतली. तो फ्लेक्स गुरुलिंगलाच बनवायचा होता. त्यानं बनवला. चेहऱ्याला कुठं काही जोडावं लागलं नाही.

लोक वाईट बोलत होते तोवर गुरुलिंग कसाबसा तग धरून होता. वाईट बोलणाऱ्याला मनातल्या मनात उत्तर देता येतं. पण कुणी आभार मानले तर त्याला काय उत्तर द्यायचं? त्या दिवसापासून त्यानं फोन फक्त बोलण्यापुरता हातात धरला. धाकट्या लेकीचा, पिंकीचा, वाढदिवस आला. तिनं नवा फ्रॉक घातला आणि सवयीनं बापासमोर येऊन उभी राहिली, कारण घरात फोटो काढणारा तोच. गुरुलिंगनं फोन काढला, समोर धरला आणि खाली घेतला. म्हणाला, मम्मीला काढू दे, माझा हात दुखतोय. पिंकीला त्यात काही वाटलं नाही. महानंदानं मात्र नवऱ्याकडं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सासूला फोन केला.

शिवम्मा सोलापूरला सहसा यायची नाही. शहरात पाणी विकत घेऊन पितात हे तिला पटायचं नाही. पण त्या आठवड्यात ती एकटीच एसटीत बसून आली, पिशवीत शेंगांची चटणी आणि कडक भाकरी घेऊन. दोन दिवस नातीशी खेळली, महानंदाला मेथी निवडून दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुलिंग गॅलरीत दात घासत होता, तिथं जाऊन ती स्टुलावर बसली.

"साऱ्या गावाचा फोटो काढलास," ती म्हणाली. "माझा का न्हाय काढत?"

गुरुलिंगनं चूळ भरली आणि म्हणाला, की इथं उजेड बरा नाही. ते खोटं होतं. गॅलरी पूर्वेला होती, समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवरून इतका मऊ उजेड येत होता की तसा निंबेहळ्ळीतल्या एकाही उंबऱ्याला नव्हता. शिवम्माला उजेडाचं काही कळत नव्हतं, पण मुलगा खोटं बोलला की कळायचं.

"भितोस व्हय?"

त्यानं ब्रश झटकला.

"मी मरणारच हाय. तू काढलास तरी, न्हाय काढलास तरी."

"मग उगं माझ्या डोक्यावर कशाला ठेवतीस, अव्वा? लोकांची तोंडं बंद करायला?"

"लोकांचं मला काय करायचंय?" शिवम्मा म्हणाली. "तू तुझ्या लेकराकडं बघायला भितोस. ते मला बघवत न्हाय."

महानंदानं सासूला सांगितलं होतं, हे गुरुलिंगच्या ध्यानात आलं. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. तो आत गेला आणि फोन घेऊन आला. शिवम्मानं पदर सारखा केला. मागं दोरीवर कपडे वाळत होते. ते काढू का म्हणून महानंदानं आतून विचारलं, तर शिवम्मा म्हणाली, असू दे, कपडे काय मेलेल्यांचे नाहीत.

पहिले फोटो सगळे हललेले आले. त्यानं दोन्ही कोपरं गॅलरीच्या कठड्यावर टेकवून बघितलं, श्वास धरून बघितला. तरी चेहरा पुसटच यायचा. बाकीच्यांना तो गोष्टी विचारून मोकळं करायचा. आईला काय विचारावं हे त्याला सुचेना. शिवम्मा बसून बसून कंटाळली. एवढा वेळ तर तुझ्या बापानं लग्नालासुद्धा घेतला नव्हता, असं काहीतरी ती पुटपुटली आणि मान वळवून सरळ त्याच्याकडं बघितलं, चिडून, थोडी चेष्टेनं, लहानपणी शाळा बुडवून आलेल्या पोराकडं बघायची तशी. तो फोटो हलला नाही.

तिनं तो बघितला आणि म्हणाली, की मी एवढी रागीट दिसते व्हय? तुझ्या बापाचं मग खरंच होतं. त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं ती परत गेली.

त्यानंतरचे दिवस गुरुलिंगनं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. दुकानात फोन वाजला की त्याचं बोट माऊसवर थांबायचं. निंबेहळ्ळीच्या कुणाचा नंबर दिसला की तो आधी राजेसाबकडं बघायचा आणि मग उचलायचा. आणि एके दिवशी तसा फोन आलाच. शेजारून राजाबाईचा मुलगा बोलत होता. "शिवम्मा पडल्या," एवढंच गुरुलिंगनं ऐकलं आणि फोन राजेसाबकडं सरकवला. पुढचं राजेसाबनं ऐकलं. परसात घसरून पडली होती. शुद्धीवर होती. हात मोडला होता.

गुरुलिंग दुधनीच्या दवाखान्यात पोचला तेव्हा तिच्या हाताला प्लास्टर घातलेलं होतं. गावातली चार माणसं बाहेर बाकावर बसलेली. त्याला बघून त्यांचं बोलणं थांबलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला वाचता येत होतं. चेहरे वाचायचंच काम त्यानं आयुष्यभर केलं होतं. तो आत जाऊन कॉटच्या कडेला बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून एकच वाक्य निघत होतं, मी काढायला नको होता, अव्वा, मी काढायला नको होता.

शिवम्मा बाहेरच्या बाकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "शेवाळावरनं घसरले मी. तुझा फोन काय माझ्या पायाखाली होता?"

याला आता वर्ष होऊन गेलं. तिचा हात जुळला, थोडा वाकडा जुळला. निंबेहळ्ळीतून गुरुलिंगला अजून कुणी फोटोला बोलावत नाही. आईचा हात मोडला हेही तिथल्या बोलण्यात जमा झालं. ती वाचली, याचा अर्थ ज्याला जसा हवा तसा त्यानं लावला. कुणी म्हणतं, आईच्या पुण्याईनं निभावलं. शिवराज एकदा बाजारात भेटला. त्याची बायको परत आली आहे आणि तो भरल्या अंगाचा दिसत होता. त्यानं लांबूनच हात जोडले. गुरुलिंगनंही जोडले आणि तो दुसऱ्या गल्लीनं गेला. धर्मण्णा त्या आठवड्यात तसेही जाणारच होते का, हे त्याला कुणी सांगू शकत नाही. राजेसाब सांगतो, डॉक्टर सांगतात, तोही स्वतःला सांगतो. तरी प्रश्न पुन्हा येऊन बसतो.

पिंकीचे फोटो तो आता काढतो. सुरुवातीला एकेक, डोळे मिटून घेतल्यासारखे, हल्ली बरेच. मध्यंतरी बार्शीच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या नात्यात कुणीतरी राजाबाईचा फोटो बघितला होता आणि त्यांना आईवडिलांचा तसाच जोडीनं हवा होता. गुरुलिंगनं वय विचारलं. ब्याऐंशी आणि अठ्ठ्याहत्तर, बाई म्हणाल्या. बघतो, कळवतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. अजून कळवलेलं नाही. नाही म्हणूनही कळवलेलं नाही.

सकाळी दुकानाला निघताना मात्र एक काम तो चुकवत नाही. चपला घालून दारातच उभा राहतो आणि आईला फोन लावतो. पलीकडं घंटी वाजत राहते, कारण शिवम्मा परसात असते, नाहीतर शेजारी. आणि ती घंटी वाजत असते तेवढा वेळ महानंदा स्वयंपाकघरातलं काम थांबवून उभी असते. मग शिवम्मा फोन उचलते.

"जिवंत हाय," ती म्हणते. "ठेव."

आणि तो ठेवतो, आणि जिना उतरतो.